घरातले खेळयंत्र हद्दपार होईल काय?

१८ जानेवारी २०२३ रोजी गूगल कंपनीने 'स्टेडिया' ही आपली सेवा कायमची बंद केली. भारतात या घटनेची फारशी दखल घेतली गेली नाही आणि घेतली जाण्याचे कारणही नव्हते, कारण ही सेवा येथे कधी सुरूच झालेली नव्हती. परंतु मार्च २०१९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे तिची घोषणा झाली, तेव्हा गूगलचे प्रमुख सुंदर पिचाई स्वतः व्यासपीठावर आले होते. आणि दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळावयाच्या यंत्रांचे, म्हणजे ज्यांना 'कन्सोल' म्हणतात त्यांचे, दिवस आता भरले असा सूर अनेक जाणकारांनी लावला होता. ज्या कंपनीला भांडवलाची ददात नाही, जगभर पसरलेल्या संगणक-केंद्रांची वाण नाही आणि कुशल अभियंत्यांचा तुटवडा नाही, तिला हा उद्योग प्रत्यक्ष सुरू केल्यापासून अवघ्या तीन वर्षे दोन महिन्यांत गुंडाळावा लागला. कन्सोल मात्र दुकानांत आहे तेथेच आहे.

मुलांच्या खेळाचा विषय एवढ्या गांभीर्याने का घ्यावा, असे एखाद्या वाचकाला वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुतः व्हिडिओ खेळांचा जागतिक व्यापार आज चित्रपटगृहांतील तिकीटविक्रीपेक्षा कितीतरी मोठा झाला आहे, आणि या व्यापारात आज जो वाद चालू आहे तो केवळ खेळांपुरता नाही. यंत्र घरात ठेवून त्याचे मालक व्हावे, की ते दूर कोठेतरी असू द्यावे आणि दरमहा वर्गणी भरून त्याचा उपयोग तेवढा घ्यावा, हा तो वाद आहे. संगीत, चित्रपट आणि कचेरीतील संगणकाची प्रणाली यांच्या बाबतीत तो बहुतांशी वर्गणीच्या बाजूने निकालात निघाला. खेळांच्या बाबतीतही तसेच होणार, असे गृहीत धरून गूगल मैदानात उतरली. हे गृहीतच मुळात चुकीचे होते.

प्रथम या सेवेचे स्वरूप पाहू. कन्सोलमध्ये एक शक्तिमान संगणक असतो. खेळाडूने हातातील कंट्रोलरची कळ दाबली की तो संगणक पुढचे चित्र तयार करतो आणि ते पडद्यावर उमटते. क्लाउड स्ट्रीमिंगमध्ये हाच संगणक घरातून उचलून दूरच्या डेटा सेंटरमध्ये ठेवलेला असतो. कळ दाबल्याची सूचना इंटरनेटवरून तेथे जाते, चित्र तेथे तयार होते आणि चालत्या चित्रपटासारखे तारेवरून परत येते. घरात केवळ पडदा आणि कंट्रोलर असला की झाले. पडदा साध्या फोनचा असला तरी चालतो.

या योजनेच्या पुरस्कर्त्यांचा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड आहे. घरातील कन्सोल दिवसाचे दोन तास चालते आणि बावीस तास धूळ खात पडते. पन्नास हजार रुपयांचे भांडवल असे निष्क्रिय ठेवणे हा अपव्ययच नव्हे काय? त्यापेक्षा थोडी यंत्रे एका जागी ठेवून ती पुष्कळांनी पाळीपाळीने वापरावी, म्हणजे प्रत्येकावर पडणारा बोजा कमी होईल. गावात प्रत्येकाने विहीर खणण्याऐवजी नळयोजना करावी, तसेच हे. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हा युक्तिवाद पटेल. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने मात्र एक प्रश्न विचारला पाहिजे: या सर्वांची पाळी एकाच वेळी आली तर काय होईल?

चित्रपटाशी केलेली तुलना येथेच फसते. नेटफ्लिक्ससारखी कंपनी एक चित्रपट एकदाच तयार करून ठेवते आणि त्याच्या प्रती शहराशहरांतील साठवण-यंत्रांवर पोहोचवून देते. त्यानंतर तो शंभर जणांनी पाहिला काय किंवा लाख जणांनी पाहिला काय, एका अधिक प्रेक्षकामागे कंपनीला येणारा जादा खर्च, म्हणजे अर्थशास्त्राच्या परिभाषेत सीमांत खर्च, जवळजवळ नगण्य असतो. वर्गणीचे अर्थकारण या एका गोष्टीवर उभे आहे. खेळाचे तसे नाही. खेळातील प्रत्येक चित्र त्या क्षणी, त्या खेळाडूच्या कृतीप्रमाणे, नव्याने घडवावे लागते. ते आधी तयार करून ठेवता येत नाही आणि एकाचे दुसऱ्याला देता येत नाही. हलका खेळ असेल तर एका यंत्रावर दोघा-तिघांची सोय लावता येते, हे खरे. पण ज्या भारी खेळांसाठी लोक कन्सोल विकत घेतात, त्यांना एका खेळाडूमागे जवळपास एका कन्सोलएवढे सामर्थ्य राखून ठेवावेच लागते. लाख खेळाडू एकदम आले तर लाख यंत्रे हवीत. चित्रपटाच्या धंद्यात ग्राहक वाढला की दरडोई खर्च कोसळतो, येथे तो तसा कोसळत नाही.

महाराष्ट्रातील वाचकाला पिठाच्या गिरणीचे उदाहरण अधिक जवळचे वाटेल. घरोघरच्या जात्यांची जागा गिरणीने घेतली आणि ती का घेतली हे उघड आहे: एक यंत्र, शे-दोनशे घरे. पण गिरणी परवडते ती गिऱ्हाईक डबा ठेवून निघून जाते म्हणून. दळण सकाळचे संध्याकाळी मिळाले तरी कोणाचे अडत नाही. गिरणीवाला आपल्या सोयीने दिवसभर पट्टा चालता ठेवतो. आता अशी कल्पना करावी, की प्रत्येक गिऱ्हाइकाचे दळण त्याने जात्याखाली हात धरला त्याच क्षणी पडले पाहिजे आणि सगळी गिऱ्हाइके संध्याकाळी साडेआठलाच येणार आहेत. असे झाले तर गिरणीवाल्याला आळीतील घरांइतकी यंत्रे मांडावी लागतील, आणि मग गिरणीपेक्षा घरघंटी स्वस्त ठरेल. मध्यमवर्गीय स्वयंपाकघरांत घरघंटी पुढे आलीच की, आणि तेही गिरणी कोपऱ्यावर असताना!

खेळ हे डबा ठेवून येण्याचे दळण नव्हे. येथे अंतराचा प्रश्न येतो आणि तो पदार्थविज्ञानाचा असल्यामुळे त्यावर कोणत्याही कंपनीची मात्रा चालत नाही. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर या वेगाने जातो. हजार किलोमीटर अंतरावरील केंद्रापर्यंत सूचना जाऊन परत येण्यास त्यामुळे किमान दहा मिलिसेकंद लागतात. ऐकताना हा वेळ क्षुल्लक वाटतो. परंतु पडद्यावर सेकंदाला साठ चित्रे उमटत असतील, तर प्रत्येक चित्राच्या वाट्याला जेमतेम सतरा मिलिसेकंद येतात. पुण्यातील खेळाडूला कॅलिफोर्नियातील यंत्राशी जोडले, तर तेरा हजार किलोमीटरांहून अधिक अंतरामुळे केवळ ये-जा करण्यात एकशे तीस मिलिसेकंद, म्हणजे जवळजवळ आठ चित्रांचा काळ, निघून जाईल. शिवाय चित्र आकुंचित करणे, ते पुन्हा उलगडणे आणि घरातील वायफायचे अडथळे यांचा वेळ वेगळाच. तेज गोलंदाजाचा चेंडू यष्टीवर आदळून गेल्यावर पडद्यावरील बॅट फिरली, तर तो खेळ कोण खेळेल? घरच्या यंत्रातही थोडा विलंब असतोच. पण तो ठरीव असतो आणि हाताला त्याची सवय होते. तारेवरचा विलंब क्षणाक्षणाला बदलतो, आणि तो बदलणाराच अधिक जाचतो.

म्हणून डेटा सेंटर खेळाडूच्या जवळच हवे. आणि जवळ याचा अर्थ त्याच घड्याळावर चालणाऱ्या प्रदेशात. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की या धंद्याची खरी अडचण लक्षात येते, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. जगभरच्या खेळाडूंना मिळून यंत्रांचा एकच साठा वापरता आला असता, तर अमेरिकेत पहाट असताना तेथील रिकामी यंत्रे भारतातील सायंकाळच्या खेळाडूंना देता आली असती आणि यंत्रे चोवीस तास कमावती राहिली असती. पण अंतर ते होऊ देत नाही. मुंबईजवळची यंत्रे मुंबईच्याच घड्याळाने चालणार: दुपारी ओस, रात्री नऊ वाजता अपुरी. वीज मंडळाला सायंकाळच्या शिखर मागणीसाठी जी जनित्रे उभारून ठेवावी लागतात, त्यांच्यासारखीच ही स्थिती आहे. वीज मंडळ निदान शेजारच्या राज्यातून वीज आणू शकते. ज्या निष्क्रिय भांडवलाबद्दल घरातील कन्सोलला दोष दिला जातो, ते निष्क्रियच राहते. ते ग्राहकाच्या खोलीतून कंपनीच्या इमारतीत गेले, इतकेच. पूर्वी त्याचा भार लाखो कुटुंबे आपापल्या खिशातून उचलीत असत. आता तो एका कंपनीला उचलावा लागतो, आणि कंपनी तो वर्गणीतून वसूल करणार हे ओघानेच आले.

रिकाम्या वेळी ही यंत्रे दुसऱ्या कामाला लावता येतील, असे एक उत्तर दिले जाते. ते काही अंशी योग्यही आहे. परंतु कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेनंतर चित्रप्रक्रिया करणाऱ्या चिपांना एवढी मागणी आली आहे, की त्या खेळात गुंतविण्याचा संधी-खर्च उलट वाढला आहे. जी चिप दिवसभर एखाद्या बँकेसाठी किंवा प्रयोगशाळेसाठी चांगल्या भाड्याने राबू शकते, ती रात्री नऊला दहावीतल्या मुलाच्या मोटारशर्यतीसाठी मोकळी ठेवावी असे कोणत्या व्यवस्थापकाला वाटेल?

स्टेडियाचा धडा

स्टेडिया १९ नोव्हेंबर २०१९ रोजी अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आणि युरोपातील काही राष्ट्रे मिळून चौदा देशांत सुरू झाली. तंत्रज्ञान फसले म्हणून ती बंद पडली, असे म्हणता येणार नाही. डिसेंबर २०२० मध्ये 'सायबरपंक २०७७' हा बहुचर्चित खेळ बाजारात आला. त्या वेळच्या जुन्या कन्सोलांवर तो इतका अडखळत होता की सोनी कंपनीने आपल्या दुकानातून तो काही काळ काढून टाकला. स्टेडियावर मात्र तो व्यवस्थित चालला. शिवाय त्याच सुमारास आलेली नवी कन्सोले चिपांच्या टंचाईमुळे ग्राहकांना मिळत नव्हती. ज्या सेवेला यंत्रच लागत नाही तिच्यासाठी याहून चांगला मुहूर्त कोणता असू शकला असता? तरीही १ फेब्रुवारी २०२१ रोजी गूगलने आपल्या स्वतःच्या खेळनिर्मिती-शाळा बंद करण्याचा निर्णय जाहीर केला.

चूक दरांच्या रचनेत होती. गूगलने दरमहा सुमारे दहा डॉलरची वर्गणी ठेवली आणि त्याखेरीज बहुतेक नवे खेळ पूर्ण किमतीला विकले. म्हणजे ग्राहकाने खेळाचे पैसे मालकासारखे मोजावयाचे आणि तो वापरावयाचा मात्र भाडेकऱ्यासारखा, असा प्रकार झाला. घेतलेला खेळ कंपनीच्या यंत्राबाहेर कोठेही चालत नसे. कंपनी टिकेल काय, याविषयी शंका असेल तर असा व्यवहार कोण करील? आणि गूगलने यापूर्वी बंद केलेल्या सेवांची यादी लांबलचक असल्याने शंका होतीच. शंकेमुळे ग्राहक कमी, ग्राहक कमी म्हणून निर्माते उदासीन, निर्माते उदासीन म्हणून खेळ थोडे, आणि खेळ थोडे म्हणून ग्राहक आणखी कमी, असे हे चक्र फिरत राहिले.

२९ सप्टेंबर २०२२ रोजी सेवा बंद करण्याची घोषणा झाली, तेव्हा स्टेडियासाठी खेळ तयार करीत असलेल्या काही निर्मात्यांनाही ती बातमी सर्वसामान्यांबरोबरच कळली. गूगलने आपल्या दुकानातून विकलेली उपकरणे आणि खेळ यांचे पैसे परत केले, हे तिच्या श्रेयाला जमा धरले पाहिजे. मासिक वर्गणी मात्र परत केली नाही. पण सर्वच हानी पैशात मोजता येत नाही. एका खेळाडूने एका खेळात सुमारे सहा हजार तास घालविले होते. पूर्णवेळ नोकरीच्या हिशेबाने ही जवळजवळ तीन वर्षे होतात. त्याची सारी कमाई गूगलच्या यंत्रावर होती आणि ती दुसरीकडे नेण्याची सोय व्हावी म्हणून त्याने निर्मात्या कंपनीला जाहीर विनवणी केली. अशा माणसाला वेळ फुकट घालविल्याबद्दल चार शब्द सुनावण्याचा मोह अनेकांना होईल. पण आपल्या वस्तूवर आपला ताबा नसणे म्हणजे काय, हे त्याच्याइतके कोणालाच कळले नसेल.

हा पहिलाच प्रयोग होता असेही नाही. सेगा या जपानी कंपनीने १९९४ च्या अखेरीस अमेरिकेत केबलच्या तारेवरून मासिक वर्गणीत खेळ पुरविण्यास सुरुवात केली होती. ती सेवा १९९८ मध्ये थांबली. त्या योजनेत खेळ घरच्या यंत्रात उतरत असे आणि यंत्र बंद केले की पुसला जाई. पुढे खऱ्या अर्थाने स्ट्रीमिंग करणारी 'ऑनलाइव्ह' ही कंपनी जून २०१० मध्ये अमेरिकेत सुरू झाली आणि दोनच वर्षांत, ऑगस्ट २०१२ मध्ये, तिच्यावर नोकरवर्ग कमी करून मालमत्ता दुसऱ्या हाती सोपविण्याची पाळी आली. सर्व्हर अधिक आणि खेळाडू थोडे, हेच तिचेही दुखणे होते. शेवटी तिची एकस्वे सोनीने घेतली आणि ३० एप्रिल २०१५ रोजी सेवा संपली. 'गायकाय' ही तिची प्रतिस्पर्धी कंपनी सोनीने त्याआधीच, २०१२ मध्ये, ३८ कोटी डॉलरना विकत घेतली होती. कन्सोलला पदच्युत करण्यास निघालेल्या दोन्ही कंपन्या अखेर कन्सोल बनविणाऱ्याच्याच पदरात पडल्या, ही गोष्ट बोलकी आहे.

कन्सोलवाल्यांचे गणित

याचे कारण कन्सोलच्या विलक्षण अर्थव्यवहारात सापडते. दाढीचे यंत्र स्वस्त विकावे आणि पात्यांवर कमवावे, अशा जातीचा हा धंदा आहे. मे २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातील न्यायालयात एपिक आणि ॲपल यांच्या खटल्यात साक्ष देताना मायक्रोसॉफ्टच्या अधिकारी महिलेने सांगितले, की एक्सबॉक्स यंत्राच्या विक्रीवर कंपनीने कधीही नफा मिळविलेला नाही. नफा येतो तो खेळांच्या विक्रीतून. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक खेळातील सुमारे तीस टक्के वाटा यंत्राच्या मालक कंपनीला मिळतो. म्हणजे ग्राहकाला मिळणारे यंत्र आधीच अनुदानित असते. स्ट्रीमिंगची स्पर्धा यंत्राच्या खऱ्या किमतीशी नसून या पाडलेल्या किमतीशी आहे. वर त्या यंत्राची वीज, जागा आणि दुरुस्ती ग्राहक स्वतः सोसतो. डेटा सेंटरमध्ये हे सर्व कंपनीच्या माथी येते.

गेल्या काही वर्षांत मात्र या गणिताला तडा जाऊ लागला आहे आणि त्याची नोंद न घेणे एकांगीपणाचे ठरेल. जुने झाले की कन्सोल स्वस्त होते, हा आजवरचा नियम होता. नोव्हेंबर २०२० मध्ये ४९९ डॉलरला आलेले प्लेस्टेशन ५ अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये ५५० डॉलरवर गेले. तितक्याच किमतीला आलेले एक्सबॉक्स सीरिज एक्स ऑक्टोबर २०२५ पर्यंत ६५० डॉलरवर पोहोचले. पाच वर्षांच्या जुन्या यंत्राची किंमत वाढावी, हे या बाजारात नवे आहे. पण म्हणून स्ट्रीमिंग स्वस्त झाले काय? त्याच ऑक्टोबरमध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या सर्वांत वरच्या वर्गणीचा अमेरिकेतील दर महिना २० डॉलरवरून एकदम ३० डॉलरवर नेला. त्या वर्गणीत खेळांचा मोठा संग्रहही येतो हे खरे, पण दीडपट वाढ ती दीडपटच. एनव्हिडिया ही कंपनी तर या चिपा स्वतःच बनविते. तिच्याइतकी स्वस्त यंत्रे दुसऱ्या कोणाला मिळणे शक्य नाही. तिनेही २०२५ च्या आरंभापासून आपल्या नव्या वर्गणीदारांना महिन्याला शंभर तासांची मर्यादा घातली आणि अधिक तास हवे असल्यास वेगळे पैसे लावले. फुकट वर्गातील ग्राहकाला तर तिच्याकडे रांगेत उभे राहून तासाभराची पाळी मिळते. गिरणीपुढची रांग ती हीच.

येथून पुढे स्ट्रीमिंग नाहीसे होईल असे नव्हे. ते कन्सोलचे जोडखोलीसारखे अंग बनून राहील, अशी चिन्हे आहेत. सोनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये 'पोर्टल' नावाचे हातात धरावयाचे उपकरण काढले. घरातील दूरचित्रवाणी संच इतरांनी अडविला असेल तर आपल्याच कन्सोलवरील खेळ दुसऱ्या खोलीत खेळावा, एवढाच त्याचा प्रारंभीचा हेतू होता. पुढे त्यावर सर्व्हरवरून थेट खेळण्याची सोय झाली. आणि निन्टेन्डोचे स्विच २ हे नवे यंत्र जून २०२५ मध्ये आले, तेव्हा पहिल्या चार दिवसांत त्याची पस्तीस लाखांवर विक्री झाली. मरणपंथाला लागलेल्या मालाची ही लक्षणे नव्हेत.

खरी चिंता वेगळ्याच ठिकाणी आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये काही मोठ्या निर्मात्या कंपन्यांनी आपले खेळ एनव्हिडियाच्या सेवेवरून काढून घेतले. ते खेळ ग्राहकांनी दुसऱ्या दुकानांतून रीतसर विकत घेतलेले होते. तरी ते तेथे चालेनासे झाले. सर्व्हर कोणाचाही असो, खेळ ज्याच्या मालकीचे त्याच्या हाती सूत्रे, हे तेव्हा स्पष्ट झाले. म्हणूनच मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड ही प्रचंड कंपनी ६८.७ अब्ज डॉलरना घेण्याचे ठरविले, तेव्हा ब्रिटनच्या स्पर्धा नियंत्रकाने २६ एप्रिल २०२३ रोजी तो व्यवहार नामंजूर केला आणि कारण दिले ते क्लाउड खेळांचे. जगातील या सेवेचा साठ ते सत्तर टक्के हिस्सा मायक्रोसॉफ्टकडे आहे, असे त्याचे म्हणणे होते. अखेर युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरचे स्ट्रीमिंगचे हक्क पंधरा वर्षांसाठी युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीला देऊन ऑक्टोबर २०२३ मध्ये व्यवहार पुरा करण्यात आला. बाजार लहान असतानाच त्यात मक्तेदारीची बीजे दिसावीत आणि नियंत्रकाने ती ओळखावीत, असे क्वचितच घडते. भांडवल जितके अवजड, तितके ते झेपणारे थोडे. आणि ते थोडेच उरले की वर्गणीचा दर कोण ठरविणार हे सांगावयास नको.

भारतीय ग्राहकापुढे

भारतात हा प्रश्न थोडा वेगळ्या रूपात उभा राहतो. येथे कन्सोलची जागा दुसऱ्या कोणी घेण्याचा प्रश्नच मर्यादित आहे, कारण बहुसंख्य घरांत कन्सोल आलेच नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ येथे आले ते ४९,९९० रुपयांना, आणि पुढच्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ५४,९९० रुपयांना झाले. कारकुनाच्या किंवा शिक्षकाच्या घरात एवढ्या रकमेत फ्रिज आणि धुलाईयंत्र यांचा विचार आधी होतो. भारतीय मुलगा खेळू लागला तो फोनवर, आणि २०१६ मध्ये जिओच्या आगमनानंतर डेटा स्वस्त झाल्यामुळे. तेव्हा यंत्र न घेता, हाती असलेल्याच फोनवर किंवा संचावर मोठे खेळ खेळता येतील, हे आश्वासन अमेरिकेपेक्षा येथे अधिक आकर्षक आहे. मायक्रोसॉफ्टची क्लाउड खेळांची सेवा नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतात सुरूही झाली आहे.

या आश्वासनाचा हिशेब कागद-पेन्सिल घेऊन करता येतो. बऱ्या प्रतीच्या चित्रासाठी स्टेडियाला सेकंदाला सुमारे वीस मेगाबिट इतका वेग लागत असे. त्या गतीने तासाला नऊ जीबी डेटा संपतो. दिवसाला दोन जीबी देणारा रिचार्ज असेल तर सव्वातेरा मिनिटांत खेळ खलास! चित्राची प्रत निम्म्यावर आणली तरी अर्धा तास भरत नाही. फाइव्ह-जीच्या अमर्याद योजना किंवा घरी फायबरची जोडणी असेल तर ही अडचण दूर होते. पण मग त्या जोडणीचा मासिक खर्च वर्गणीत मिळविला पाहिजे. उलट ४९,९९० रुपयांचे यंत्र सात वर्षे चालले, तर महिन्याचा बोजा सहाशे रुपयांच्या आत येतो. त्यात खेळांची किंमत अर्थातच धरलेली नाही, आणि ती थोडीथोडकी नसते.

येथे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांचा उल्लेख करावा लागेल. खेळाची डिस्क घ्यावी, महिनाभरात खेळून संपवावी आणि निम्म्या-अधिक किमतीला विकून दुसरी घ्यावी, असा व्यवहार विद्यार्थी मंडळी वर्षानुवर्षे करीत आली आहेत. शेजारच्याशी अदलाबदल तर फुकटच. गाइड आणि पाठ्यपुस्तके जशी एका वर्गातून दुसऱ्या वर्गात उतरतात, तसेच हे. कमी उत्पन्नाच्या ग्राहकाला महागडी वस्तू परवडते ती अशा दुय्यम बाजारामुळे. स्ट्रीमिंगमध्ये विकण्यासारखे, उसने देण्यासारखे किंवा धाकट्या भावासाठी ठेवण्यासारखे काही उरतच नाही. कन्सोल बनविणाऱ्या कंपन्याही डिस्कचा खाचा नसलेली यंत्रे काढून त्याच वाटेने चालल्या आहेत, तेव्हा या बाबतीत त्यांना सोवळे समजण्याचे कारण नाही.

निदान विक्रेत्याने ग्राहकाला खरे काय ते सांगावे, एवढी अपेक्षा गैर ठरू नये. कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये एक कायदा केला आणि तो १ जानेवारी २०२५ पासून अमलात आला. डिजिटल वस्तूच्या बाबतीत ग्राहकाला मालकी मिळत नसून केवळ वापराचा परवाना मिळत असेल, तर तसे स्पष्ट सांगितल्याशिवाय 'खरेदी करा' असे शब्द वापरण्यास त्याने मनाई केली आहे. स्टेडियाच्या ग्राहकांना पैसे परत मिळाले ते गूगलची ऐपत होती आणि तिला आपल्या नावाची काळजी होती म्हणून. ऑनलाइव्हवर पूर्ण पैसे मोजून घेतलेले खेळ ३० एप्रिल २०१५ नंतर त्या सेवेवर कोणालाच चालविता आले नाहीत. भारतात ही सेवा नुकतीच पाय टाकीत आहे, वर्गणीदार अजून थोडे आहेत आणि दरही बाल्यावस्थेतील आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली अशाच प्रकारचा दंडक आतापासून घालता येईल काय, हे केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्रालयाने तपासून पाहावयास हरकत नाही.